मागच्या रांगेतला माइक

विभागाने मला गाडेकर सरांचा परिचय लिहायला सांगितला आहे. दीडशे शब्द, इंग्रजीत, परवापर्यंत. विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात दरवर्षी फेब्रुवारीत प्रा. सेलूकर स्मृतिव्याख्यान होतं. सेलूकर सर म्हणजे विभागाचे जुने प्रमुख, गाडेकर सरांचे गुरू. यंदापासून त्या व्याख्यानाचं नाव सेलूकर-गाडेकर स्मृतिव्याख्यान झालं आहे. ज्या माणसाला हयातभर त्या मंचावर खुर्ची मिळाली नाही, त्याला मेल्यावर एका आडव्या रेघेपलीकडची जागा मिळाली. विभागप्रमुख वैद्य मॅडम मला म्हणाल्या, "अनिता, तू त्यांची लाडकी विद्यार्थिनी ना, मग तूच लिही. आणि जरा पॉझिटिव्ह ठेव."

दीडशे शब्द मी काल लिहून टाकले. जन्म फर्दापूरजवळच्या खेड्यात, अध्यापन एकतीस वर्षं, व्याख्यानाचे अनेक वर्षं समन्वयक, विद्यार्थिप्रिय. त्यात एकही वाक्य खोटं नाही आणि सर कुठेही नाहीत. म्हणून हे दुसरं लिहायला बसले आहे. हे काही पॉझिटिव्ह होणार नाही.

सरांचं घर शेतकऱ्याचं. अजिंठ्याच्या डोंगराखाली थोडी कोरडवाहू जमीन. शाळेत असताना सुट्टीच्या दिवसांत ते फर्दापूरच्या फाट्यावर उभे राहून लेणी बघायला आलेल्या गोऱ्या पाहुण्यांना गारगोट्या विकायचे. इंग्रजी तिथे सुरू झालं. त्यामुळे त्यांच्या उच्चारांत तीन-चार देश एकत्र नांदत. एखादा शब्द जर्मन पाहुण्याकडून आलेला, एखादा ऑस्ट्रेलियन बाईकडून. विभागात पाठीमागे त्याला 'फर्दापूर इंग्लिश' म्हणत आणि हसत. सरांना ते ठाऊक होतं. "हसू द्या की," म्हणायचे, "आपलं इंग्रजी बाजारात चाललेलं हाय. त्यांचं कपाटात ठेवलेलं हाय. घडी मोडलेली नाय त्याची अजून."

अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, मानेमागे कॉलरला लावलेला रुमाल. एक पेन लिहिणारं आणि दुसरं मागणाऱ्याला द्यायचं. ते दुसरं बहुधा परत येत नसे, आणि दुसऱ्या दिवशी खिशात पुन्हा दोन पेनं असत. वर्गात एकेक ओळ इंग्रजीत वाचायचे, मराठीत सांगायचे, मग पुन्हा इंग्रजीत वाचायचे. दुसऱ्यांदा वाचताना ती ओळ आपली झालेली असे. वैद्य मॅडमना हे पसंत नव्हतं. इंग्रजीच्या एम.ए.ला मराठीत शिकवणं म्हणजे विद्यार्थ्यांना कुबड्या देणं, असं त्या विभागाच्या बैठकीत म्हणाल्या होत्या. सर म्हणाले, "पाय मोडलेल्याला कुबडी देत्यात मॅडम. आपली पोरं पाय मोडून आलेली नायत, अनवाणी आलेली हायत. मी चप्पल देतो." हे वाक्य मला त्या बैठकीला असलेल्या दुसऱ्या प्राध्यापकांनी सांगितलं. सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. बैठकीत मात्र ते हसले नव्हते.

सरांनी पीएच.डी. केली नाही, म्हणून ते कधी प्रमुख झाले नाहीत. सेलूकर व्याख्यान मात्र त्यांच्याकडे होतं, कारण ते काम कुणालाच नको होतं. पाहुण्याला पत्र लिहा, स्टेशनवरून आणा, सतरंज्या झटकून घ्या, पोरं जमवा. सरांनी ते घेतलं आणि स्वतःच्या दोन चाली त्याला लावल्या.

पहिली चाल म्हणजे नांगरट. व्याख्यानाच्या आधीचा आठवडाभर रोज सकाळी सात वाजता ते तीन नंबरच्या वर्गात पाहुण्याचा विषय मराठीतून सांगत. वक्ता कोण, तो ज्या कवितेबद्दल बोलणार ती काय आहे, कुठले शब्द अडतील, कुठे तो मुद्दाम अवघड बोलेल. "पाऊस चांगला हाय, पण जमीन नांगरलेली नसंल तर पाणी वाहून जातं," असं ते सांगायचे. शहरातली मुलं नांगरटीला येत नसत. आम्ही यायचो. मी मुकुंदवाडीहून पहिली सिटी बस पकडून यायचे आणि बहुतेक वेळा माझ्याआधी सरांनी फळा पुसलेला असायचा.

दुसरी चाल पहिल्या सवालाची. व्याख्यान संपलं की पहिला प्रश्न प्राध्यापकांचा नाही, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा. भाषा कुठलीही चालेल. माइक सगळ्यात मागच्या रांगेपासून सुरू व्हायचा, आणि तो हातातला माइक सर कुणाला देत नसत. स्वतः घेऊन मागे जायचे. सभागृह उघडल्यावर माइक तपासतानाही ते 'हॅलो हॅलो' करत नसत. माइक तोंडाशी धरून रिकाम्या खुर्च्यांना विचारायचे, "हाय का कुणी?"

माझा पहिला सवाल मला अजून शब्दन् शब्द आठवतो. दिल्लीहून आलेले एक मोठे प्राध्यापक इंग्रजी कवितेतल्या वसंत ऋतूवर बोलले होते. फार सुंदर बोलले. सर माइक घेऊन मागे आले आणि माझ्यापाशी थांबले. मी मान हलवून नाही म्हटलं. ते हलले नाहीत. दोनशे माणसं वळून बघत होती. शेवटी मी मराठीत विचारलं, "सर, यांच्या कवितेत हा ऋतू आला की सगळ्यांना आनंद होतो. आमच्याकडे त्या महिन्यात टँकर सुरू होतो. मग ही कविता आम्ही कशी वाचायची?"

सभागृह हसलं. पुढच्या रांगा जास्त हसल्या. पाहुण्यांना मराठी कळत नव्हतं, पण सगळे हसताहेत म्हणून तेही हसले. सर हसले नाहीत. त्यांनी माझा प्रश्न त्यांच्या त्या चार देशांच्या इंग्रजीत सांगितला, एकही शब्द वाढवला नाही, आणि पुढे म्हणाले, "ती उत्तराची वाट बघते आहे." मग माइक खाली घेऊन तिथेच उभे राहिले. पाहुण्यांचं हसू विरलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि मग जे बोलले ते व्याख्यानापेक्षा चांगलं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या विषयात मला जागा आहे. पुढचं माझं सगळं आयुष्य त्या दोन-तीन मिनिटांवर उभं आहे. सर तिथे उभे राहिले नसते तर मी गुलमंडीवर काकांच्या कापडाच्या दुकानात बसले असते. ते वाईट नव्हतं, पण मला ते नको होतं.

असं सगळेच पाहुणे वागले नाहीत. पुण्याच्या एका विद्वानांनी व्याख्यानाआधी चहा घेताना सांगितलं, की मराठी प्रश्नांनी विषयाची पातळी घसरते, तेव्हा ते जरा टाळावं. सर नम्रपणे म्हणाले, "काहीच हरकत नाय साहेब. चहा घ्या. परतीची गाडी अडीचला हाय, मी सोडतो तुम्हाला स्टेशनवर." विद्वानांनी बशी खाली ठेवली आणि व्याख्यानानंतर प्रश्न घेतले. संध्याकाळी सरांनी त्यांना घरी नेऊन भाकरी, ठेचा आणि पिठलं खाऊ घातलं. विद्वान पुढे कुठल्याशा लेखात त्या पिठल्याबद्दल लिहिते झाले. प्रश्न विचारणाऱ्या मुलाबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही.

आणि एवढी वर्षं दुसऱ्यांना बोलावणाऱ्या या माणसाला कुणी कधी म्हटलं नाही, की सर, यंदा तुम्ही बोला. वक्ता बाहेरगावचाच पाहिजे असा कुठे नियम नव्हता. तो पाळला मात्र कडक जात होता. मी एकदा तसं बोलून दाखवलं तर सर म्हणाले, "पिकतं तिथं विकत नाय माय," आणि विषय बदलला. पण त्यांना हवं होतं. हे मी खात्रीने सांगते, कारण त्यांच्या निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मी त्यांचा चेहरा बघितला आहे.

त्या वर्षी पाहुण्या बंगळुरूहून येणार होत्या आणि विमान रद्द झालं. विषय होता एक जुनी इंग्रजी शोकांतिका, जी सर तीस वर्षं शिकवत होते. आठवडाभर त्यांनी तिचीच नांगरट केली होती. सभागृह भरलेलं होतं. वैद्य मॅडम तेव्हा नुकत्याच प्रमुख झाल्या होत्या. मी तासिका तत्त्वावर शिकवायला लागले होते, म्हणजे जितके तास तितकं मानधन आणि दर जूनला पुन्हा अर्ज. सर पहिल्या रांगेत, टोकाच्या खुर्चीवर बसले होते. बातमी कळली तेव्हा ते सरळ बसले. दोन्ही पेनं खिशात नीट केली. मानेमागचा रुमाल काढला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मी ते सगळं बघत होते, आणि मॅडमही बघत होत्या.

मॅडम म्हणाल्या, "आपण त्यांना व्हिडिओ कॉलवर घेऊ या."

लॅपटॉप आणला. वायर पुरेना म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड आणायला सरच गेले. पडद्यावर बाईंचा चेहरा आला, गोठला, गेला, पुन्हा आला. आवाज सभागृहापर्यंत पोचेना. तेव्हा कुणीतरी म्हणालं, हातातला माइक लॅपटॉपजवळ धरा. कोण धरणार? सरांचाच माइक तो. चाळीस मिनिटं गाडेकर सर मंचावर, टेबलाच्या बाजूला, कमरेत वाकून, लॅपटॉपच्या तोंडाशी माइक धरून उभे होते. बाई दर दोन मिनिटांनी विचारत होत्या, माझा आवाज येतोय का. जी ओळ त्यांना नेटवर्कमुळे तीनदा म्हणावी लागली ती सरांना पाठ होती. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. मंचावर त्यांना मिळालेली जागा ती तेवढीच.

कार्यक्रमानंतर पोरांनी त्यांना पायऱ्यांवर गाठलं. म्हणाली, सर, काहीच कळालं नाही, तुम्हीच सांगा ना आता. सर हात चोळत होते, मनगट अवघडलं होतं.

"इथं मला कुणी बोलावलेलं नाय," ते म्हणाले. "बिनबोलावता लग्नात जेवू नये. उद्या सात वाजता वर्गात या. तिथं मला कुणाच्या आवतणाची गरज नाय."

दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहायला जागा नव्हती, असं लिहायला मला आवडलं असतं. अकरा जण आले होते.

सर निवृत्त झाले. नांगरट बंद झाली, कारण सात वाजता वर्ग उघडायला शिपाई नसतो. प्रश्न आधी लेखी द्यायचे, इंग्रजीत द्यायचे, आणि मॅडम त्यातले दोन निवडणार, असं ठरलं. मग तेही मागे पडलं. सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. माझे उच्चार चांगले आहेत, असं मॅडम सगळ्यांना सांगत. मला ते ऐकायला बरं वाटायचं, ही गोष्ट मी लपवत नाही.

सर तरीही दरवर्षी यायचे. निमंत्रण जात नसे, ते फलक वाचून येत आणि सगळ्यात मागच्या रांगेत बसत.

दोन वर्षांपूर्वीचं व्याख्यान. विषय होता 'इंग्रजी कादंबरीतले मुके आवाज'. ज्यांना कादंबरीत कुणी बोलूच देत नाही असे नोकर, मोलकरणी, गावंढळ माणसं, यांच्यावर पाहुणे तासभर बोलले. टाळ्या झाल्या. मी माइकपाशी गेले. पत्रिकेत कार्यक्रम दीडपर्यंतचा होता आणि घड्याळात पाऊण वाजला होता. तेवढ्यात मागच्या रांगेत हात वर झाला. अर्ध्या बाहीचा, पांढऱ्या शर्टातला हात. मी तो ओळखला नाही असं कसं म्हणू?

मॅडमनी टेबलावरून माझ्याकडे चिठ्ठी सरकवली. 'प्रश्न नकोत. जेवण थांबलंय.'

पुढच्या महिन्यात विभागात कायम जागेची मुलाखत होती. सहा वर्षं मी दर जूनला अर्ज करत होते. मला हेही वाटलं, की सर आता मराठीत काहीतरी लांबलचक बोलतील, पुढची रांग हसेल, आणि त्यांची शोभा होईल. त्यांना वाचवते आहे असं मी स्वतःला सांगितलं. माणूस किती चटकन स्वतःला पटवतो हे त्या दिवशी कळलं. हात अजून वर होता. मी त्याच्याकडे बघत, माझ्या चांगल्या उच्चारांत म्हणाले, की वेळेअभावी आज प्रश्न घेता येणार नाहीत. हात हळूच खाली गेला.

बाहेर पार्किंगपाशी ते स्कूटरजवळ उभे होते. शेजारी एक मुलगी, छातीशी वही धरलेली.

"चांगलं केलं सूत्रसंचालन," सर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. "ही पल्लवी. सिल्लोडकडची हाय. पहिल्या वर्षाला. तिला पाहुण्यांना एक विचारायचं होतं. हात वर करायला भ्यायली, म्हणून म्हणलं, मी करतो, माइक आला की तू बोल."

मी पल्लवीकडे बघितलं. तिने वही आणखी घट्ट धरली. वहीत प्रश्न लिहिलेला असणार, दहा वेळा खोडून. मीही तसाच लिहिला होता.

"सर, मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"तुला कसं माहीत असणार? लांबून हातच दिसतो." मग म्हणाले, "पाहुणे अजून हायत का आत? दोन मिनिटं भेटवतीस का हिला?"

आतून मॅडमची हाक आली. पाहुण्यांच्या शेजारी मला बसायचं होतं, मुलाखतीच्या समितीतले एक जण त्या टेबलावर असणार होते. मी म्हणाले, "आत्ता ते जेवायला बसताहेत सर. उद्या मी स्वतः बोलते तिच्याशी, नक्की."

"बरं," सर म्हणाले. "जा तू. खोळंबले असतील."

दुसऱ्या दिवशी मी खरंच पल्लवीला शोधलं. ती जिन्यात भेटली. तुला काय विचारायचं होतं, असं विचारलं तर म्हणाली, "राहू द्या मॅडम. ते पाहुण्यांना विचारायचं होतं." पुढच्या सत्रात तिने नाव काढून घेतलं. का, ते मला कळलं नाही. कार्यालयात विचारलं तर म्हणाले, घरगुती कारण.

कायम जागा मला मिळाली. त्या दुपारमुळेच मिळाली असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. मीसुद्धा नाही. सरांना फोनवर सांगितलं तेव्हा ते मनापासून खूश झाले, म्हणाले, "आता तीन नंबरच्या वर्गाची किल्ली तुझ्याकडं ठेवून घे." मी हो म्हटलं. किल्ली अजून शिपायाकडेच आहे. त्याच पावसाळ्यात सर गेले, झोपेतच. मी घरी गेले तेव्हा त्यांना नेलेलं होतं, म्हणून माझ्यासाठी त्यांचं शेवटचं दर्शन त्या फेब्रुवारीतलंच राहिलं आहे.

अतिथिगृहाच्या जेवणघराची खिडकी पार्किंगकडे उघडते. त्या दुपारी पाहुण्यांना भाजी वाढताना माझं बाहेर लक्ष गेलं. उन्हात स्कूटर तशीच उभी होती. सर पार्किंगच्या कट्ट्यावर बसले होते, मानेमागे रुमाल, आणि पल्लवी शेजारी वही उघडून. ते बोटांनी हवेत काहीतरी मांडत होते आणि ती लिहून घेत होती. मध्येच त्यांनी खिशातलं दुसरं पेन काढून तिला दिलं. तिचं संपलं असावं. मग बोलता बोलता त्यांनी वर बघितलं आणि मी त्यांना दिसले, वाढायचा चमचा हातात धरून खिडकीत उभी असलेली. त्यांनी हात वर केला. मघाचाच हात. मला वाटलं, बोलावताहेत. पण त्यांनी पाची बोटं जुळवून तोंडाशी नेली आणि मान हलवली, जेव, जेव, निवांत जेव. आणि पुन्हा तिच्या वहीत वाकले.

मॅडम म्हणाल्या, "अनिता, बस ना, सगळे थांबलेत."

मी बसले आणि जेवले.